बर्डीतलं दुकान की धरमपेठेतलं?

भाच्याला तर्री-पोह्याचं हॉटेल टाकायचं आहे. नागपुरात जागा दोन पाहून ठेवल्यात. एक बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, मेन रोडच्या मागच्या गल्लीत, जुनं दीडशे चौरस फुटांचं दुकान. दुसरी धरमपेठेत, आतल्या रस्त्यावरच्या इमारतीच्या तळमजल्यावर, दुप्पट मोठी आणि भाडं जवळपास तेवढंच. पोराचा जीव अर्थातच धरमपेठेवर. मी म्हटलं, शटर पाहून भाळू नको, आधी कागद आण.

बहुतेकांना वाटतं, बर्डी म्हणजे बाजार, तिथे काहीही चालतं, आणि धरमपेठ म्हणजे वस्ती, तिथे अडचण. तसं सरसकट नसतं. 2020 च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत निवासी भागाचे दोन प्रकार आहेत आणि ते ठरतात रस्त्याच्या रुंदीवर. दाट वस्तीत 9 मीटरपेक्षा अरुंद आणि बाकी भागात 12 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा प्लॉट पहिल्या प्रकारात, म्हणजे आर-वनमध्ये जातो. तिथे मुख्यतः राहणं, सोबत डॉक्टरचा दवाखाना, वकील-सीएचं ऑफिस, रोजच्या गरजेची छोटी दुकानं. रस्ता तेवढा किंवा त्याहून रुंद असला की आर-टू, आणि तिथे व्यवसायांची यादी बरीच लांब होते. म्हणजे एकाच धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवर जे चालेल ते दोन गल्ल्या आत चालेलच असं नाही. रुंदी टेपनं मोजू नका, अर्धा रस्ता गाड्यांनीच भरलेला असतो. विकास आराखड्यातली रुंदी धरा. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की ती कळते.

भाच्याच्या धरमपेठेतल्या जागेचा रस्ता 12 मीटरचा निघाला. पोरगं खूश. मग मी मंजूर नकाशा मागितला. मालकानं आधी टॅक्सची पावती दाखवली, मग वीजबिल. शेवटी नकाशाची एक धूसर झेरॉक्स आली. जिथे आज शटर आहे, तिथे नकाशात तिरप्या रेघा आणि आत बारीक अक्षरात लिहिलेलं ‘पार्किंग’. म्हणजे खांबांमधली गाड्यांची जागा भिंती घालून बंद केलेली. आधी तिथे बुटीक होतं, कुणी काही बोललं नाही. पण पोह्याच्या दुकानापुढे सकाळी सातला वीस दुचाक्या लागणार, वरच्या मजल्यावरच्यांना फोडणीचा ठसका लागणार आणि पहिली तक्रार महिन्याच्या आत जाणार. दलाल म्हणतो, “होऊन जाते ना जी, सगळ्यांचं असंच आहे.” सगळ्यांचं असंच आहे हे खरं, पण नोटीस एकाच्याच नावानं येते.

वीजबिलातही एक गोम होती. मीटर घरगुती. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते, आणि गैरवापर केव्हापासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरतात. महावितरणकडून व्यावसायिक जोडणी घेतली की हे मिटतं. पण पार्किंगच्या जागेतल्या दुकानासाठी ती घेणं म्हणजे आपल्याच हातानं पुरावा देणं.

पश्चिम नागपुरात आणखी एक कागद लागतो, तो बर्डीत फारसा कुणी विचारत नाही. इथले पुष्कळ प्लॉट लीजचे आहेत, काही नझूलचे, म्हणजे सरकारी जमिनीचे, काही नागपूर सुधार प्रन्यासचे. लीजडीडमध्ये ‘निवासी वापर’ लिहिलं असेल तर रस्ता कितीही रुंद असो, शर्तभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि लीजडीड दोन्ही वाचल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आता बर्डी. झोन वाणिज्य, दुकान पिढ्यान्‌पिढ्या दुकानच, वापर बदलण्याचा प्रश्न नाही. मेट्रोच्या दोन्ही लाइन सीताबर्डीलाच मिळतात, त्यामुळे पायी गिऱ्हाईक भरपूर. इथली भानगड मालकीची आहे. दुकान दाखवणारा बहुधा मालक नसतोच, पन्नास वर्षांचा पगडीचा भाडेकरू असतो. मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्यानं केलेली पोटभाड्याची लिखापढी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यापुढे टिकत नाही. शिवाय जागा कोंदट, धूर बाहेर काढायला वाट नाही, आणि गल्ली इतकी अरुंद की फायर एनओसी लागली तर आधी स्वतः फिरून बघा, बंब कुठपर्यंत येतो ते.

धंदा वेगळा असेल तर माझं उत्तरही वेगळं. दवाखाना किंवा ऑफिस असेल तर डोळे मिटून धरमपेठ, लीज तपासून. कपडे, चपला, मोबाइल असतील तर बर्डी. घाऊक किराणा घेऊन या दोन्हीकडे येऊच नका, त्याला इतवारी आहे. पानठेला टाकायचा असेल तर शाळा-कॉलेजपासूनचं अंतर मोजा, 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि धरमपेठेत शाळा पावलोपावली. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, आणि मराठी पाटी दोन्हीकडे सारखंच. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना पुरते. पण ती पावती म्हणजे जागेच्या वापराची परवानगी नव्हे, ही गफलत फार जण करतात.

पोह्याला मी बर्डीच सांगितली, मूळ मालक सही करत असेल तर. भाचा रविवारी त्याला भेटायला महाल भागात जातोय. धरमपेठेच्या मालकाकडे मूळ नकाशा मागितला, त्याला आज बारा दिवस झाले.