पैसा दाखवायचा, बांधायचा की तिकडच्या बँकेत ठेवायचा?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पट्टी झाली की पैसा कुठं जातो ते आपल्याला ठाऊक आहे. थोडा पीककर्जात, थोडा सोनाराकडं, थोडा जादा व्याजासाठी पतसंस्थेत, आणि बराचसा थोरल्या चुलत्यांच्या खात्यावर, कारण घरचा व्यवहार तेच बघतात. घर चालवायला ही रीत चांगली. पोरांना परदेशी शिकायला पाठवायचं म्हटलं की व्हिसाच्या फाइलला मात्र हा पैसा दिसतच नाही. आधी मुलीचं ब्रिटनचं आणि आता पुतण्याचं जर्मनीचं, अशी दोन प्रकरणं हाताखालून गेल्यावर मी लोकांना आकडा नंतर सांगतो. पैसा कुणाच्या नावावर आहे, कुठल्या बँकेत आहे आणि किती दिवसांपासून तिथं पडून आहे, हे आधी विचारतो.

ब्रिटनपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घाम तिथंच फुटतो. तिथं पैसा पाठवायचा नसतो, दाखवायचा असतो. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याला १,५२९ पाउंड आणि लंडनबाहेर १,१७१ पाउंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे दाखवावे लागतात. त्यात पहिल्या वर्षाची न भरलेली फी मिळवायची. समजा फी १८,००० पाउंड आहे आणि ६,००० भरले. उरले १२,०००. लंडनबाहेरचे नऊ महिने म्हणजे १०,५३९. एकूण २२,५३९ पाउंड, रुपयांत साधारण २७ लाख. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि तो २८ वा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडं नेमकं तेच झालं. २६ व्या दिवशी माझ्या विम्याचा वार्षिक हप्ता आपोआप कटला आणि शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या १,८४० रुपये खाली गेली. मी तर विसरूनच गेलो होतो. मुलीनं स्टेटमेंटच्या ओळीवर पट्टी ठेवून एकेक दिवस तपासला म्हणून अर्ज भरण्याआधी सापडलं. पुन्हा २८ दिवस. तेव्हापासून माझा सल्ला असा की या पैशासाठी वेगळं बचत खातं काढा, त्याला ना यूपीआय जोडा ना कुठला हप्ता. आणि आठ-दहा टक्के जास्तीचे टाकून ठेवा. रुपयाचे पाउंड करताना ब्रिटनचे व्हिसावाले अर्जाच्या दिवसाचा ओआंडा या चलनदराच्या संकेतस्थळावरचा दर धरतात, आपल्या बँकेच्या काउंटरवरचा नाही.

नावाचा मुद्दा याहून अवघड. ब्रिटनला पैसा विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या (नाहीतर कायदेशीर पालकाच्या) नावावरच चालतो. आई-वडिलांचा असेल तर सोबत जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र. चुलते, आजोबा, थोरला भाऊ यांची खाती कितीही भरलेली असोत, उपयोग शून्य. आपल्या एकत्र घरांत हे पचनी पडायला वेळ लागतो. शिवाय जन्मदाखला म्हणजे जन्मदाखलाच, शाळेचा टीसी नव्हे. कित्येकांच्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. ते काम ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी उरकून घ्या.

आता पतसंस्था. ब्रिटनच्या नियमात पैसा ठेवलेली संस्था तिच्या देशातल्या नियामकाखाली हवी, तिचे हिशेब संगणकावर हवेत आणि खात्यातली रक्कम लगेच काढता यायला हवी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या बँकिंग परवान्यावर चालत नाही आणि तिथल्या ठेवींना पाच लाखांचं ठेवविमा कवचही नाही. निळ्या शाईनं भरलेलं पासबुक आणि त्यावरचा गोल शिक्का कौतुकानं फाइलला लावणारे लोक मी पाहिलेत. बीड-जालन्याकडं पतसंस्थांत ठेवी अडकून लोकांचे काय हाल झाले ते वेगळं सांगायला नको. व्हिसाचं नंतर, पैसा तिथून तसाही हलवा. राष्ट्रीयीकृत बँकेतली मुदत ठेवसुद्धा ‘लगेच काढता येते’ असं बँकेनं लिहून दिलं तरच जमेत धरा. त्यापेक्षा मोडून बचत खात्यात आणलेली बरी.

हे सगळं टाळायचा एक सरळ रस्ता म्हणजे शैक्षणिक कर्ज. मान्यताप्राप्त बँकेचं कर्जमंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्या रकमेला २८ दिवसांची अट लागत नाही. वाकडा रस्ताही आहे आणि एजंट तोच आधी दाखवतात. शेकडा तीननं महिनाभर पैसे उचलायचे, खात्यात दाखवायचे, परत करायचे. फसवणूक ठरली तर ब्रिटनची दारं दहा वर्षं बंद. मुलाच्या नावावर हा डाग घेऊ नये.

जर्मनीची तऱ्हा उलटी. तिथं पैसा आधीच बांधून टाकायचा. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण साडेबारा लाख रुपये, व्हिसाच्या आधीच जर्मन खात्यात जातात. मुलगा तिकडं पोचून चालू खातं उघडतो आणि मग महिन्याला ९९२ युरो सुटतात. व्याजाची आशा धरू नका, उलट खात्याचं शुल्क कटतं. व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून पैसे परत मिळतात, मात्र मधल्या काळात युरो पडला तर तो तोटा आपला. पण एवढं सोडलं तर डोक्याला ताप कमी. २८ दिवस मोजायचे नाहीत आणि पैसा किती दिवस जुना आहे हा प्रश्न जवळपास मिटतो, कारण तो त्यांच्याच हातात असतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. अपवाद लक्षात ठेवा. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात तिथं आपल्याला सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे. भारतीयांना एपीएस, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते पैशाच्या आधी मागवा.

कॅनडा या दोघांच्या मधे. तिथल्या बँकेत जीआयसी नावाची ठेव घेता येते. सप्टेंबर २०२५ पासून राहण्याखाण्याचा आकडा २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे, साधारण साडेचौदा लाख, आणि पहिल्या वर्षाची फी त्यावर. विद्यार्थी व्हिसाचा जलद मार्ग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून जीआयसी सक्तीची राहिली नाही. चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा कर्ज दाखवलं तरी चालतं. पण चार महिन्यांचं स्टेटमेंट म्हटलं की आपल्याकडं अडचण येते. शेतकऱ्याच्या खात्यात वर्षातून एकदाच मोठी रक्कम येते, आणि कोऱ्या खात्यात एकदम पंधरा लाख पडलेले पाहून कुणीही विचारणारच, आले कुठून? मग मोंढ्यातल्या पट्ट्या, सातबारा, आठ-अ, प्लॉट विकला असेल तर खरेदीखत, आणि शेतीचं उत्पन्न दाखवलेलं आयकर विवरणपत्र लावा. या उत्पन्नावर कर नाही म्हणून विवरणपत्रच न भरणारे इथं अडकतात. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर तर लागतंच.

पैसा पाठवताना टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, विसरू नका. एप्रिल २०२५ पासून एका माणसानं वर्षात दहा लाखांपर्यंत पाठवले तर तो कटत नाही आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावरही नाही. जर्मनीचे साडेबारा लाख वडिलांच्या एकाच पॅनवरून न पाठवता काही आईच्या खात्यातून, तिच्या पॅनवर पाठवले तर प्रश्नच उरत नाही. कटलाच तरी विवरणपत्रात वळता होतो.

निवृत्तीनंतर बाहेर राहायचं म्हणणारेही हल्ली भेटतात. थायलंडला पन्नाशीपुढच्यांचा एक वर्षाचा मुक्काम वाढवायचा तर थाई बँकेतच आठ लाख बाट लागतात, साधारण २२ लाख रुपये. अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने त्याला हात लावायचा नाही आणि पुढंही चार लाखांखाली जायचं नाही. नाहीतर महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची पेन्शन तिथवर पोचत नाही. स्पेनला काम न करता राहायचं तर वर्षाला २८,८०० युरो, सोबत बायको असेल तर आणखी ७,२००. हे आपल्यासाठी नाही, असं मी स्पष्ट सांगतो. मुलगा कॅनडात स्थायिक असेल तर मात्र सुपर व्हिसा बघा. एका वेळी पाच वर्षं राहता येतं, आणि आई-बापाच्या खात्यापेक्षा मुलाची कमाई तपासली जाते. एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा मात्र घ्यावा लागतो.

मुलांचं म्हणाल तर माझा कौल असा. नोकरदार घर असेल, पैसा खात्यात आधीच असेल किंवा कर्ज मंजूर असेल, तर ब्रिटन जमतं. पैसा जमिनीत आणि मालात असेल तर जर्मनी, कारण तिथं माल विकल्यावर पैसा जुना व्हायची वाट बघावी लागत नाही. आमच्या पुतण्याचं एपीएस आलंय. राहिले साडेबारा लाख. ५,३२८ च्या हमीभावानं धरलं तरी २३५ क्विंटल सोयाबीन होतं, एकरी आठचा उतार धरला तर जवळपास तीस एकरांचं पीक. मोंढ्यात हमीभावही मिळत नाही, म्हणून माल अजून गोदामात आहे. भाऊ म्हणतो, पंधरा दिवस थांबू, भाव चढेल. पुतण्या शेजारी बसून मोबाइलवर युरोचा भाव बघतोय, तोही चढतोच आहे.