बास्केटबॉल-रेफरन्स: खेळाडू कुवतीपेक्षा जास्त खेळला की कमी, हे इथे कळतं का?

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला अमुक खेळाडू अंगच्या गुणांपेक्षा जास्त कमावून गेला की गुण असून वाया गेला, हा वाद पेटला की बहुतेक जण शेवटी बास्केटबॉल-रेफरन्स या साइटवर येऊन थडकतात. साइट फुकट आहे, नोंदणी लागत नाही, आणि 1946-47 च्या पहिल्या मोसमापासूनचे आकडे तिथे आहेत. आकड्यांच्या बाबतीत तिला तोड नाही. पण तिथे मोजलेली असते ती कामगिरी. कुवतीचा रकाना कुठेच नाही. तो आपल्याला शेजारी आखून घ्यावा लागतो आणि वाद फसतात ते तिथेच.

सुरुवात खेळाडूच्या पानापासून न करता ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंच्या केलेल्या क्रमवार निवडीच्या, पानापासून करावी. ड्राफ्टचा क्रमांक म्हणजे त्या पोराची संघांनी लावलेली किंमत. कुवतीचा त्यातल्या त्यात लेखी पुरावा तोच. 2013 चं पान उघडा आणि विन शेअर्सच्या (संघाच्या विजयांतला खेळाडूचा वाटा) रकान्याच्या डोक्यावर एकदा क्लिक करा. पहिल्या क्रमांकाला उचललेला अँथनी बेनेट खाली घसरतो (कारकीर्द 151 सामन्यांची, सरासरी 4.4 गुण), आणि 15 वा यानिस अँटेटोकुम्पो व 27 वा रुडी गोबेर वर येऊन बसतात. 2014 च्या पानावर हेच केलं की 41 वा निकोला योकिच सगळ्यांच्या वर.

मात्र विन शेअर्स साठत जाणारा आकडा आहे. बारा-तेरा वर्षं बऱ्यापैकी खेळलेला माणूस पाच वर्षं चमकलेल्याच्या पुढे दिसतो. म्हणून बीपीएमचा (बॉक्स प्लस-मायनस: सरासरी खेळाडूपेक्षा तो किती गुणांचा फरक पाडतो याचा अंदाज) रकाना आणि खेळलेली मिनिटं एकत्र पाहावीत. याच पानावरून तक्ता सीएसव्हीत काढता येतो. स्प्रेडशीटमध्ये 5,000 पेक्षा कमी मिनिटांचे खेळाडू गाळायचे, उरलेल्यांना बीपीएमप्रमाणे क्रमांक द्यायचे आणि ड्राफ्टच्या क्रमांकातून हा क्रमांक वजा करायचा. योकिचला 41 वजा 1, म्हणजे 40 मिळतात. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तासभराच्या हुज्जतीपेक्षा जास्त हाती लागतं.

या पानाची मोठी त्रुटी अशी, की ज्यांना कुणी निवडलंच नाही ते या यादीत नसतात. 1996 च्या पानावर बेन वॉलेस शोधून सापडणार नाही, 2016 च्या पानावर फ्रेड व्हॅनव्हलीट नाही. कुवतीपेक्षा जास्त खेळलेल्यांची यादी करायची आणि त्यातून हेच गळायचे, म्हणजे लग्नाच्या पंगतीत नवऱ्यामुलालाच पान नाही. अशी नावं वेगळी शोधून यादीत घालावी लागतात. रिकामी ओळ आणि शून्य यांतही गल्लत करू नये. 2015 च्या पानावर 52 व्या क्रमांकाला आपला सतनाम सिंग आहे, पण पुढचे रकाने कोरे, कारण तो एनबीएत एकही सामना खेळला नाही. आणि 2007 चा पहिला, ग्रेग ओडन, 105 सामन्यांत संपला तो गुडघ्यांमुळे. साइट त्याला आणि बेनेटला एकाच रांगेत उभं करते. कारण शोधणं आपल्याकडे.

आता ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा तक्ता. इथे पीईआरवर, म्हणजे खेळाडूची सगळी कामगिरी मिनिटांच्या हिशेबाने एका आकड्यात बसवणाऱ्या मापावर, भाळू नये. त्याची सरासरी दर वर्षी 15 वर बसवलेली असते आणि भरपूर शॉट मारणाऱ्यांवर तो जरा जास्तच मेहेरबान आहे. बीपीएम त्यापेक्षा बरा: शून्य म्हणजे सरासरी खेळाडू, उणे 2 म्हणजे सहज मिळणारा बदली खेळाडू. अँड्र्यू विगिन्स, 2014 चा पहिला. 2016-17 मध्ये मिनेसोटाकडून 82 सामने, सरासरी 23.6 गुण. ‘पर गेम’चा तक्ता पाहिला तर तारा. पण त्याच ओळीत रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) 4, असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) 2.3, आणि बीपीएम शून्याच्या आसपास घुटमळतो. पुढे गोल्डन स्टेट या संघात 2021-22 ला गुण 17.2 वर उतरले. काम मात्र समोरच्याचा सर्वांत अवघड खेळाडू रोखण्याचं मिळालं, आणि त्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यासाठी निवड आणि विजेतेपद दोन्ही हाती आलं. गुणांचा रकाना उलटं सांगत होता.

बचावाच्या बाबतीत साइट लंगडी पडते. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, स्टील (हिसकावलेले चेंडू), ब्लॉक (अडवलेले शॉट) आणि रिबाउंड येतात. योग्य जागी उभं राहून शॉटच मारू न देणं येत नाही. बेन वॉलेसची 2002-03 ची ओळ पाहा: 6.9 गुण, 15.4 रिबाउंड, 3.2 ब्लॉक. निदान त्याचा बचाव ब्लॉकमध्ये तरी दिसतो. कारकिर्दीत फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) 41 टक्क्यांच्या आसपास असलेला हा माणूस चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. शेन बॅटिएरसारख्याचं मात्र काहीच दिसत नाही, कारकिर्दीची सरासरी 8.6 गुण. अशांसाठी ‘प्ले-बाय-प्ले’ या तक्त्यातला ऑन-ऑफचा रकाना बघायचा: तो मैदानावर असताना आणि नसताना संघाच्या गुणफरकात 100 पझेशनमागे (चेंडूच्या ताब्यांमागे) किती बदल होतो. हा तक्ता 1996-97 पासूनच मिळतो, म्हणजे जुन्यांना त्याचा उपयोग नाही. शिवाय सोबत कोण आहे यावर तो फार हलतो. ड्रेमंड ग्रीनचा आकडा देखणा आहे, पण बाजूला स्टीफन करीसारखा तारा असतो. म्हणून लाइनअपचं पान (कोण कुणासोबत खेळलं त्याचे आकडे) उघडून दोघांची जोडी वेगळी पाहावी. एका मोसमाच्या आकड्यावर निकाल देऊ नये. दोन-तीन मोसम तरी जुळले पाहिजेत.

उलट्या बाजूचा नमुना हवा तर बेन सिमन्स. त्याच्या पानावर ‘प्लेऑफ्स’ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) हे बटण दाबलं की चित्र पालटतं. 2020-21 च्या मोसमात फ्री थ्रो 61.3 टक्के, प्लेऑफमध्ये 73 पैकी 25, म्हणजे 34.2 टक्के. ‘शूटिंग’ तक्त्यात अंतरानुसार शॉट बघितले की तीन गुणांच्या रेषेबाहेर जवळजवळ ठणठणाट. फिलाडेल्फियाच्या चार मोसमांत पाच तिगुणी. पासिंग, उंची आणि बचाव अव्वल, तीनदा ऑल-स्टार. कुवतीला नेमकी गळती कुठे लागली हे हा तक्ता बोट ठेवून दाखवतो. साइटची सगळ्यात उपयोगी जागा हीच, आणि लोक तिथपर्यंत क्वचितच स्क्रोल करतात.

मोबाइलवर रुंद तक्ते आडवे सरकवून जीव मेटाकुटीला येतो. फोन आडवा धरला तरी निम्मे रकाने बाहेरच. लॅपटॉपच बरा. स्टॅटहेड ही त्याच कंपनीची शोधसेवा वर्गणी भरून मिळते. ‘दुसऱ्या फेरीत निवडलेले आणि बीपीएम 5 च्या वर’ असे प्रश्न रोज पडत असतील तरच ती घ्यावी. वर्षातून चार वाद घालणाऱ्याला ड्राफ्टचं पान आणि ती सीएसव्ही पुरते.