अकोया घ्यावा की फ्रेशवॉटर? मी आधी भोक बघतो

मोत्यांचा सर घ्यायचा म्हटलं की शेवटी गाडी या दोघांवरच येते. मी दोन्ही घेतलेत, आईच्या पन्नाशीला जपानी अकोया, म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यात वाढवलेला, आणि दोन वर्षांनी बायकोला चिनी फ्रेशवॉटर, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यातला, त्यामुळे जे अनुभवलं तेवढंच सांगतो.

मोत्याच्या पाण्याच्या, म्हणजे चमकेच्या, बाबतीत अकोयाला तोड नाही. चांगल्या दाण्यात वरच्या ट्यूबलाइटची कड रेघेसारखी स्पष्ट दिसते, फ्रेशवॉटरमध्ये ती बरेचदा दुधात कालवल्यासारखी पसरते. गोलाईतही अकोयाच पुढे. वर्षातून चार लग्नांना घालून परत डबीत जाणार असेल तर खुशाल अकोया घ्या.

पण आमची आई रोज घालणारी. लोकलची गर्दी, घाम, मानेला पावडर. दीड वर्षात भोकाभोवतीचा थर कपच्या निघाल्यासारखा सुटायला लागला आणि मधल्या पाच-सहा दाण्यांच्या आतला पांढराफट्ट मणी दिसायला लागला, अगदी खडूसारखा. दुकानदार म्हणाला वापरावर असतं, असेलही, पण अकोयाच्या आत शिंपल्याचाच कोरलेला मणी असतो आणि वरचा मोत्याचा थर बरेचदा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, लवकर काढलेला माल असेल तर अजून पातळ, आणि दोरा घासतो तो नेमका भोकाच्या कडेलाच. आईने काही न बोलता सर काढून ठेवला, ते मला फार लागलं.

फ्रेशवॉटरमध्ये सहसा मणी घालतच नाहीत, दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचा बारीक तुकडा ठेवतात, म्हणजे दाणा जवळपास आतपर्यंत मोतीच. (एडिसन नावाने मोठे दाणे येतात त्यात मात्र मणी असतो, विचारून घ्या.) एका शिंपल्यात वीस-तीस दाणे एकदम होतात म्हणून स्वस्त, खोटे असतात म्हणून नाही. बायकोचा सर सहा वर्षं झाली, दोनदा ओवून घेतला, भोकं अजून जशीच्या तशी. दाणे थोडे लांबट आहेत, पण गळ्यात घातल्यावर कोणाला कळतं?

तो सर हैदराबादला पत्थरगट्टीत घेतला, तेव्हा भिंग घेऊनच गेलो होतो. भोकात बघायचं, आत मणी असेल तर मणी आणि थर यांच्यामध्ये रेघ दिसते, तिच्या बाहेरचा भाग किती जाड ते कळतं. मग सर दुकानाच्या दारात नेऊन दिवसाच्या उजेडात हळूहळू फिरवायचा, थर पातळ असेल तर दाणा एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने मंद होत लुकलुकतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच मोती पाणीदार दिसतात हो. आणि दोन दाण्यांमध्ये गाठ हवीच, नाहीतर दाण्याला दाणा घासतो.

जाड थराचा अकोयाही मिळतो, नाही असं नाही. पण तेवढ्या पैशात मी तरी ७-८ मिलिमीटरचा चांगल्या पाण्याचा फ्रेशवॉटर घेईन आणि उरलेल्यात कुड्या करून घेईन.