गीझर, गॅस की सोलार: कोकणातल्या घराला कुठली देखभाल झेपेल?

दुकानात गेलात की पहिला प्रश्न लिटरचा येतो. कोकणात त्याआधी दोन प्रश्न स्वतःलाच विचारावे लागतात. घर बारा महिने नांदतं असतं, की गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूप? आणि पाणी वरच्या अंगाच्या विहिरीचं की खाडीलगतचं?

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं असतं. त्यामुळे घाटावरचे पाहुणे सांगतात तसा क्षारांचा जाड थर इथे सहसा बसत नाही. आपली डोकेदुखी गंजाची. खाडीकाठची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ झाली की ते पाणी टाकीला आतून खातं आणि खारा वारा बाहेरून.

म्हणून साठवणीचा विजेचा गीझर घेणार असाल तर रंग आणि डिजिटल आकडे नंतर बघा, आधी अॅनोडची चौकशी करा. काचेचा लेप दिलेल्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तोच अॅनोड. पोलादाऐवजी ती झिजावी, एवढंच तिचं काम. ती वर्षातून एकदा काढून बघायची आणि मधली तार दिसू लागली की बदलायची. मचूळ पाण्यात ती लवकर संपते. दुकानदार हे क्वचितच सांगतो आणि गिऱ्हाइकाला कळतं ते टाकी गळायला लागल्यावर. स्टेनलेस स्टीलची टाकी टिकाऊ म्हणून विकली जाते, पण खारटपणा नेमका तिच्या वेल्डिंगच्या सांध्यात शिरतो. खाडीकाठी मी तरी काचेच्या लेपाचीच घेईन. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं नॉर्मल आहे. ते थांबवायला व्हॉल्व्हला बूच मारू नका. अर्थिंग आणि वायरींची टोकं मात्र पावसाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, खाऱ्या हवेत ती हिरवी पडतात.

वाडीवरच्या व्होल्टेजचाही हिशेब धरा. दोन किलोवॅटचा हीटर पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटं घेतो. व्होल्टेज १८० वर आलं की तोच हीटर सव्वा किलोवॅटचा उरतो आणि अर्धा तास लागतो. यात बिघाड काही नाही, उगाच मेकॅनिक बोलावू नका.

कुलपातल्या घराला हा गीझर तितकासा मानवत नाही. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेल्या पाण्याला मॅग्नेशियममुळे कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. जाताना टाकी रिकामी करायची आणि आल्यावर गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागेपर्यंत बटण दाबायचं नाही, नाहीतर कोरडी कॉइल जळते. हे सगळं चाकरमान्यांनी सुट्टीच्या घाईत लक्षात ठेवायला हवं.

अशा घरासाठी गॅस गीझर बरा. त्यात साठवणूक नाही, म्हणून अॅनोडही नाही. निघताना सिलिंडर बंद करा आणि सेल काढून ठेवा. विसरलेले सेल आत पाझरून जोडण्या खराब करतात. परत आल्यावर बर्नर झटकून घ्या, कारण बंद घरात कोळी तिथेच बिऱ्हाड करतात. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर वापर थांबवा. रबरी नळी पाच वर्षांनी बदला. घराची पाण्याची टाकी छपराला टेकलेली असेल तर पाण्याचा दाब कमी पडून गीझर पेटणारच नाही, तेव्हा खरेदीआधी तेही तपासा. आणि तो न्हाणीघराच्या आत बसवायचा नाही. गॅस जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध पडतो.

सोलारचं गणित कोकणात पावसाळ्यामुळे फिरतं. जून ते सप्टेंबर विजेचा आधार लागतोच, म्हणजे सांभाळायला दोन यंत्रं. सोलारच्या काचेच्या नळ्यांवरची धूळ आणि मिठाचा थर सकाळी लवकर, नळ्या थंड असताना धुवायचा. तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी सोडलं की ती तडकते. सिलिकॉनच्या रिंगा आणि स्टँडचा गंज दरवर्षी बघायचा. शिवाय वानर, आणि माडाखालची जागा असेल तर नारळ! मोठं नांदतं घर किंवा होमस्टे असेल, छपरावर चढणारं कोणी घरात असेल, तर सोलार जरूर घ्या. कुलपातल्या घरावर नको.

यातलं काहीही घेतलंत तरी मागच्या पडवीतला तांब्याचा बंब मोडीत काढू नका. पावसात वीज दोन दोन दिवस गेली की तोच उपयोगी पडतो. त्याची देखभाल म्हणजे राख काढणं आणि वापरलेल्या आमसुलांनी घासणं. रिकाम्या बंबात जाळ घालू नका, सांध्यांचा डाख सुटतो. जळणाला नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या चालतील. काजूची टरफलं नकोत, त्यांच्यातलं तेल कातडी भाजतं आणि धूर डोळ्यांना झोंबतो.