सौर, पवन की सबस्टेशन: फ्रीलान्स साइट इंजिनिअरने कुठलं काम धरावं?

नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू पाहणारा सिव्हिल इंजिनिअर आधी दिवसाचा दर विचारतो. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा: काम बंद असलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार? ऊर्जा प्रकल्पांवर काम अडतंच, फक्त प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं असतं.

शिरकाव करायला सौर प्रकल्प सोपा. पाइल (जमिनीत रोवलेले खांब), त्यावरचं स्ट्रक्चर, केबलचे चर, तेच काम पुन्हा पुन्हा. कस लागतो तो सुरुवातीलाच: जमिनीचे उतार, पाण्याचा निचरा, पाइलची पुल-आउट टेस्ट (तो उपटायला किती जोर लागतो ते पाहणं) आणि लाइनआउट (प्रत्येक पाइलची जागा जमिनीवर आखणं). लाइनआउट चुकला तर चूक एका पाइलपुरती राहत नाही, अख्ख्या रांगेत जाते. टोटल स्टेशन किंवा आरटीके जीएनएसएस या मोजणीच्या उपकरणांवर तुमचा हात बसलेला असेल आणि संच स्वतःचा असेल, तर पाइलमागे दर ठरवून घेणं परवडू शकतं. मात्र पायलिंग मार्गी लागलं की ठेकेदाराला तुमची गरज कमी होते. म्हणून पुढचं काम हातात ठेवूनच हे घ्या. पावसात पायलिंगची यंत्रं (रिग) चिखलात रुततात, तेव्हा पाइलमागचा दर शून्यावर येतो हेही लक्षात असू द्या.

पवन प्रकल्पात सगळा जीव फाउंडेशनमध्ये. एका टर्बाइनच्या पायात कित्येक शे घनमीटर काँक्रीट जातं आणि ते सलग ओतावं लागतं. मध्येच काँक्रीट बनवणारा बॅचिंग प्लांट बंद पडला तर कोल्ड जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) होण्याचा धोका, म्हणून पर्यायी प्लांटची सोय आदल्या दिवशीच पाहायची. अँकर केजच्या (टॉवर धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या पिंजऱ्याच्या) लेव्हलमध्ये काही मिलिमीटरचीच मुभा असते. काँक्रीट घट्ट झाल्यावर सुधारणा जवळजवळ अशक्य. आतलं तापमान साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही, शिवाय गाभा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक आटोक्यात ठेवायचा, नाहीतर तडे जातात. ही जबाबदारी रात्रभराची असते. मास काँक्रीटचा, म्हणजे अशा मोठ्या ओतकामाचा, अनुभव नसेल तर एकट्याने अंगावर घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. अनुभव असेल तर दिवसाच्या दराने घ्या आणि रात्रपाळी वेगळी लावा. उभारणीच्या टप्प्यात वारा वाढला की क्रेन थांबते आणि सगळी साइट वाट बघत बसते, म्हणून थांबलेल्या दिवसांचा दरही करारात हवा.

स्वतंत्रपणे करायचं पहिलं काम म्हणून माझं मत सबस्टेशनला. जागा आटोपशीर, पण ट्रान्सफॉर्मरचा प्लिंथ (चौथरा), ऑइल पिट (सांडलेल्या तेलाचा खड्डा), केबल ट्रेंच, उपकरणांचे अँकर बोल्ट आणि अर्थिंग मॅट (अर्थिंगची पुरलेली धातूची जाळी), सगळं एकमेकांत अडकलेलं. सिव्हिल ड्रॉइंगमधला बोल्ट आणि उपकरणाच्या ड्रॉइंगमधलं भोक जुळतंय का, हे काँक्रीटच्या आधी तपासणारा माणूस तिथे शेवटपर्यंत लागतो. अर्थिंग मॅट मातीखाली जाते, म्हणून प्रत्येक जोडाचा फोटो आणि तपासणीची सही भराव टाकण्याआधीच झाली पाहिजे. वरचा खडीचा थरही दिखाव्यासाठी नसतो, तो पायाखालचा विद्युतरोध वाढवतो आणि माणसाला वाचवतो. अडचण येते ती चालू सबस्टेशनच्या विस्तारात. तिथे वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि शटडाउनशिवाय (वीजपुरवठा बंद केल्याशिवाय) पाऊल पुढे पडत नाही. परमिटची वाट पाहण्यात गेलेले तास कामाचे धरले जातील, असं लिहून घ्या. शटडाउन लांबला म्हणून घाईत जिवंत भागाजवळ काम करायला कुणी सांगितलं, तर काम सोडावं लागलं तरी चालेल, पण ऐकू नका.

ट्रान्समिशन लाइनचं काम ज्याला फिरती आवडते त्याचं. टॉवर दूरदूर, दर ठिकाणी माती वेगळी, आणि जमिनीची वाट मोकळी नसेल तर मधलेच टॉवर राहून जातात. इथे टॉवरमागे दर टाळा.

काम कुठलंही असो, सही कशाची करता ते करारात नेमकं लिहा: फक्त मोजमापाची, की गुणवत्तेचीही. गुणवत्तेची असेल तर व्यावसायिक दायित्वाचा विमा आधी काढा आणि त्याचा हप्ता दरात धरा.