घरचं हवामान केंद्र, चार महिन्यांनंतर: पाऊस बरोबर, दिवस चूक

यंत्राचा पावसाचा दिवस चुकीच्या वेळी बदलतो, या तक्रारीच्या पाचव्या मेललाही कंपनीच्या मदत केंद्राचं उत्तर तेच: "सर, इतर कुणाची अशी तक्रार नाही." म्हणून आता इथे लिहितोय. यंत्र म्हणजे घरी बसवायचं हवामान केंद्र: 16 सेंमी तोंडाचं नरसाळं, 0.2 मिमीची टिपिंग बकेट (दर 0.2 मिमी पावसाला एकदा उलटणारा दोन कप्प्यांचा डबा; एक उलटणं म्हणजे एक टिप), खांबावर सेन्सर, घरात आकडे दाखवणारा वायफाय कन्सोल. ठिकाण गोव्यातलं सत्तरी, वाळपईच्या पुढे. जून ते सप्टेंबर सलग चालू.

दुखणं एकच, पण रोजचं. कन्सोलचा "आजचा पाऊस" मध्यरात्री शून्य होतो. हवामान खात्याचा पर्जन्यदिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या सकाळी 8:30 (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, 3 वाजता), आणि आकडा लागतो तो मोजणीच्या तारखेला. म्हणजे 14 जुलैच्या संध्याकाळी पडलेला पाऊस 15 जुलैच्या खात्यात. त्यात कंपनीची वेबसाइट तिसरंच काही करते. तिचा दिवस यूटीसीचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:30 ला बदलणारा.

समजा 14 च्या रात्री 10 ला सुरू झालेला पाऊस सकाळी 7 ला थांबला. मध्यरात्रीपर्यंत 41 मिमी, मग 5:30 पर्यंत 47, उरलेला 8. एकूण 96. कन्सोल सांगणार 14 ला 41 आणि 15 ला 55. वेबसाइट सांगणार 88 आणि 8. खात्याच्या हिशेबात 15 तारखेला 96, म्हणजे "जोरदार" (64.5 ते 115.5). कन्सोलवर मात्र दोन्ही दिवस "मध्यम". आपल्याकडचा जोराचा पाऊस बरेचदा रात्री-पहाटे कोसळतो, त्यामुळे हे वरचेवर होतं, आणि मग पाऊस मोजणाऱ्यांच्या गटात "पणजीला एवढा, तुमच्याकडे इतकाच कसा?" सुरू. हंगामाच्या बेरजेला काही फरक पडत नाही, मान्य. पण अठरा हजारांच्या यंत्रात दिवस कधी सुरू करायचा एवढी एक सेटिंग नसावी?

जुलैच्या मध्यापर्यंत याला दोनच तारे द्यायचं ठरलं होतं. मग उपाय सापडला, फुकटातला. कन्सोलच्या सेटिंगमध्ये टाइम झोन यूटीसी वजा 3 करा, यादीत ब्युनॉस आयर्स निवडा. तिथली मध्यरात्र म्हणजे इथले बरोबर 8:30. घड्याळ साडेआठ तास मागे दिसतं, ते दिसू द्या. वेळ बघायला भिंतीवर दुसरं आहे. तारखेत मात्र एक दिवस मिळवायचा: कन्सोलची 14 म्हणजे खात्याची 15. वेबसाइटला याने काही होत नाही, तिथून पाच-पाच मिनिटांची फाइल उतरवून बेरीज स्वतःच करायची. मदत केंद्राने हे सांगायला हवं होतं. त्यांनी सुचवलं फॅक्टरी रिसेट, आणि त्यात जूनचा डेटा गेला.

आता मोजमाप. इथे यंत्राने मान राखला. शेजारी तेवढ्याच तोंडाचं साधं नरसाळं बाटलीवर लावून रोज 8:30 ला मोजायचं. क्षेत्रफळ 201 चौ. सेंमी, म्हणजे 1 मिमी पाऊस = 20 मिली पाणी. संथ पावसात दोन्ही आकडे जवळपास जुळतात. ताशी 50 मिमीच्या वर सरी गेल्या की बकेट मागे पडते, कारण ती उलटत असताना वरची धार भरलेल्या कप्प्यातच पडत राहते. टिपिंग बकेटचा हा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. तपासायचं तर 402 मिली पाणी पाऊण तासात थेंबथेंब सोडा (सलाइनची नळी उत्तम): 100 टिप, 20 मिमी यायला हवेत. 95 च्या खाली आल्या तर बकेटखालचे दोन स्क्रू अगदी थोडे वर घ्या, दोन्ही सारखेच. त्याआधी खांबाची लेव्हल बघा.

नरसाळं तुंबलं की आलेखात लगेच कळतं. पाऊस थांबल्यावरही ताशी 2-3 मिमीची सपाट रेघ तासन्‌तास चालू राहते. कारण बहुतेक वेळा पोफळीचा मोहोर किंवा शेवाळ. ऑगस्टमध्ये दर आठ दिवसांनी जुन्या टूथब्रशने जाळी घासावी लागली. आणि बाहेर धो धो पडतोय तरी शून्य? झाकण काढा, बकेटखाली कोळ्याने जाळं विणलेलं असेल.

खांब कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) रोवू नका. माड 15 मीटरचा असेल तर निदान 30 मीटर लांब. मंगलोरी कौलांजवळही नको, थेंब उडून आत येतात.

अंदाजाचं चिन्ह मात्र टेप लावून झाकलंय. कन्सोल फक्त हवेच्या दाबाच्या चढउतारावरून अंदाज बांधतो. उष्ण कटिबंधात दाब रोजच दोनदा वर-खाली होतो: सकाळी आणि रात्री 10 च्या सुमारास जास्त, दुपारी आणि पहाटे 4 च्या सुमारास कमी, फरक साधारण 3 हेक्टोपास्कल. बिचाऱ्याला रोज दुपारी वादळ येतंय असं वाटतं. आपला पाऊस येतो किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे आणि सह्याद्री ढगांना वर ढकलतो म्हणून; हे त्या डबीला काय कळणार? पुढच्या दोन-तीन तासांसाठी पणजीच्या डॉप्लर रडारचं (पाऊस कुठे आहे ते दाखवणाऱ्या) चित्र बघा. खात्याच्या रंगीत इशाऱ्यांत सगळ्या जिल्ह्याला एकच रंग असतो, म्हणून किनाऱ्यावरचं कळंगुट आणि घाटाकडची वाळपई एकाच नारिंगीत सापडतात. घाटाच्या पायथ्याला इशाऱ्यापेक्षा थोडा जास्तच पाऊस धरून चालावं.

बॅटरी लिथियमच्याच घाला. जुलैत सौर पट्टीला ऊन मिळत नाही आणि साध्या सेलनी तीन आठवड्यांत मान टाकली. आर्द्रता महिनाभर 99 वर अडकलेली दिसली तरी सेन्सर बदलायला धावू नका. ऑक्टोबरात उतरली तर तो ठीक आहे. त्या महिन्यात गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर पडून रात्रीआधी आटपतो, त्यामुळे ब्युनॉस आयर्सची वेळ काढली तरी आकडा तुटत नाही. तारखेत एक मिळवायचं मात्र तेव्हाही विसरू नका.