साडेचारशेतून चौदाशे चौरस फुटांत: वर्षभरानंतर, आणि मुख्यतः न वापरलेल्या बाथरूमबद्दल

किती खोल्या, कार्पेट किती, दार कुठल्या दिशेला, यात मी जाणार नाही. घर बघायला निघालेल्या माणसाला ते सगळं तोंडपाठ असतं. आम्ही पाच जण साडेचारशे चौरस फुटांत बरीच वर्षं काढून चौदाशेच्या दुमजली घरात आलो, त्याला आता वर्ष उलटून गेलं. दोन्ही घरांतला केर मी स्वतः काढलाय, त्यामुळे दोन्हींबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते. लिहायला बसायचं कारण मात्र एकच. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या खोलीचं बाथरूम, आणि त्याचा वास.

वास सुरू झाला तो राहायला आल्यावर काही महिन्यांनी. आधी वाटलं उंदीर मेला असेल. मग वाटलं बाहेरचं गटार तुंबलंय. खिडकी लावून घेतली तर वास वाढला, आणि एक्झॉस्ट पंखा लावला तर आणखीनच वाढला. ज्यांनी घर बांधून दिलं त्यांच्याकडे तक्रार केली. पहिल्यांदा आलेल्या माणसांनी टाइल्स फोडून ड्रेनेजची लाइन बदलावी लागेल असं सांगितलं, खर्च अर्थात आमचा. मी फोडू दिल्या नाहीत. नंतर दुसरे आले. त्यांनी कसलंसं सुवासिक द्रावण जाळीत ओतलं, माझी सही घेतली आणि तक्रार सुटली म्हणून बंद करून टाकली. काही दिवस खरंच बरं वाटलं. मग वास परत हजर. फोन केला तर म्हणे नवी तक्रार नोंदवा. नवी नोंदवली तर म्हणे आधीची सुटलेली दिसतेय. शेवटी उत्तर आलं की हा वापरातला दोष आहे, हमीत बसत नाही. जी खोली आम्ही वापरलीच नव्हती तिच्यात वापरातला दोष कसा निघाला, एवढं एक मला त्यांच्यापैकी कोणी समजावून सांगायला हवं होतं. माझा आजही त्यांच्यावर राग आहे.

मग ओळखीतून एक प्लंबरदादा आले. त्यांनी जाळी उचलली, मोबाइलचा टॉर्च आत धरला आणि म्हणाले, "ताई, याच्यात पाणी कुठंय?" मी वाकून बघितलं. आतला कप कोरडा ठणठणीत. तळाला क्षारांचा पांढरा थर, त्याला तडे गेलेले, आणि कडेला कोळ्याचं जाळं. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, खिडकी उघडली आणि थांबा म्हणाले. चहा होईपर्यंत वास गेला होता. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी आग्रहाने दिले.

हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाथरूमच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहतं. तेवढंच पाणी तुमचं घर आणि ड्रेनेजची लाइन यांच्यामधला पडदा असतं. बेसिनखालच्या वाकड्या पाइपचं आणि कमोडच्या तळातल्या पाण्याचंही तेच काम. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये इंग्रजी एस आकाराच्या पाइपचं पेटंट घेतलं, त्यामुळे वासाशिवाय संडास घराच्या आत आणणं सोपं झालं. पण ते पाणी उडून जातं. रोज आंघोळ होत असेल तर रोज भरतं. कोणी फिरकलंच नाही तर काही आठवड्यांत ट्रॅप कोरडा पडतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. मग वर एक्झॉस्ट पंखा लावला की तो बाहेरची हवा खेचायच्या ऐवजी ड्रेनेजमधली हवा घरात खेचतो. द्रावण ओतल्यावर काही दिवस बरं का वाटलं, तेही मला तेव्हाच कळलं. सुवासाचा काही संबंध नव्हता, ट्रॅप भरला होता इतकंच.

वास सहन होईल, असं कोणी म्हणेल. पण प्रश्न नुसत्या वासाचा नाही. हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्स या श्वसनरोगाच्या साथीत अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीत तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. त्याच्या तपासात बाथरूमचे कोरडे पडलेले ट्रॅप आणि एक्झॉस्ट पंखे यांचा हात असावा, असं पुढे आलं. हे वाचल्यावर मी घरातल्या सगळ्या जाळ्या उचलून बघितल्या. गच्चीतली जाळी पण कोरडी होती.

जुन्या घरात हा प्रश्न येणं शक्यच नव्हतं. एकच न्हाणीघर, पाच माणसं, सकाळी बाहेर रांग. त्या रांगेला आम्ही किती वैतागायचो! पण त्या घरातला एकही नळ, एकही जाळी, एकही कोपरा चोवीस तास बिनवापराचा राहायचा नाही. घर आपोआप चालू राहायचं.

मोठ्या घरात ते आपण चालू ठेवायचं असतं. आता दर रविवारी सकाळी माझी फेरी असते: प्रत्येक जाळीत मगभर पाणी, प्रत्येक कमोड एकदा फ्लश, आणि जो नळ आठवडाभर उघडला नाही तो दोन-चार मिनिटं सोडायचा. हे नळाचं काम वासासाठी नाही. पाइपमध्ये साचून राहिलेल्या पाण्यात, विशेषतः ते २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर, लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांनी गंभीर न्यूमोनिया होतो. म्हणून क्वचित वापरातले नळ आठवड्यातून एकदा सोडावेत असं सांगतात. पाणी मी बादलीत धरते आणि त्यानेच फरशी पुसते. फुकट जाऊ देत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर गरम पाणी. जुन्या घरात गीझर आणि नळ यांच्यात हातभर अंतर होतं. नळ उघडला की गरम पाणी. इथे गीझर वर, स्वयंपाकघर खाली दुसऱ्या टोकाला, मधे पंधरा मीटर तरी पाइप. २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरमागे सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे भांडी घासायला गरम पाणी हवं असेल तर आधी साडेचार-पाच लिटर गार पाणी सोडायचं, आणि काम झाल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपमध्ये गार व्हायला ठेवून यायचं. दिवसातून जितक्यांदा नळ उघडाल तितक्यांदा हेच. मला हे बघवत नाही. मी आता सिंकखाली एक लहान गीझर बसवून घेतलाय, त्याचा खर्च घराच्या किमतीत कुठेच लिहिलेला नव्हता.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. रंगकाम, पंखे, दिवे, खिडक्यांच्या काचा हे सगळं वाढतं, ते अपेक्षितच होतं. वायफाय दोन भिंतींपलीकडे मलूल होतं. जिना गुडघ्यांना कळतो. स्वयंपाकघर मात्र मोठं मिळाल्याचा मला काडीचा आनंद नाही. मार्गारेट श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं ते साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं, आणि तसं सुमारे दहा हजार घरांत बसवलं गेलं. कुठलं काम करताना किती चालावं लागतं ते बघून त्यांनी ओटा, सिंक, कपाटं मांडली होती. माझं जुनं स्वयंपाकघर त्याहून लहान होतं आणि एका जागी उभं राहून निम्मं काम उरकायचं. नव्यात फ्रीजपासून ओट्यापर्यंत चालतच राहावं लागतं.

इथवर लिहून झालं तेव्हा निकाल माझ्या डोक्यात पक्का होता: छोटंच घर बरं. मग सासूबाईंना ताप आला.

साधा विषाणूजन्य ताप होता, पण चांगला आठवडाभर टिकला. जुन्या घरात एकाला ताप आला की बाकीचे ओळीने पडायचे, कारण झोपायचं सगळ्यांना एकाच खोलीत आणि न्हाणीघर एकच. या वेळी त्यांना त्याच पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं. स्वतंत्र बाथरूम, खिडकी उघडी, दार लोटलेलं. बाकी कोणीही आजारी पडलं नाही. त्यांना शांतपणे झोपता आलं, आणि मुलांना परीक्षा असूनही "हळू बोला" म्हणावं लागलं नाही. आठवडाभर ते बाथरूम सतत वापरात होतं, त्यामुळे जाळीत पाणी ओतायची वेळही आली नाही. बऱ्या झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा आजारपणात कोणाला अडचण झाली नाही असं वाटलं." त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मला आधीचा निकाल तसाच ठेवता येईना.

आणि छोट्या घराच्या ज्या गोष्टी वर्षभरात धूसर झाल्या होत्या त्याही आठवल्या. पावसाळ्यात कपडे आतच वाळत घालायचे आणि भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी. एकाचा फोन चालू असला की दुसऱ्याचा अभ्यास बंद. नवरा-बायकोला दोन वाक्यं बोलायची तर मुलं झोपायची वाट बघायची. माझी मुलगी आता दार लावून बसते, कधी नुसतीच बसते, आणि तिचा चेहरा मोकळा दिसतो. त्या दाराची किंमत मी चौरस फुटांत करणार नाही.

तेव्हा आता माझं मत असं आहे. घर निवडताना खोल्या मोजू नका, ओल्या जागा मोजा. कोरडी खोली रिकामी राहिली तर फक्त धूळ साचते. बाथरूम रिकामं राहिलं तर ते घर बिघडवायला लागतं. पाच माणसांना दोन बाथरूम भरपूर झाली, आणि ती एकाच भिंतीच्या दोन बाजूंना किंवा एकावर एक असावीत, म्हणजे पाइप लहान राहतात. एक खोली जास्तीची असेल तर जरूर घ्या, पण तिला बाथरूम जोडलेलं असेल तर त्या खोलीत घरातलं माणूस राहायला ठेवा, ती पाहुण्यांसाठी राखू नका. घर बघायला जाताना गरम पाण्याचा नळ उघडून घड्याळ लावा, आणि रिकाम्या घरातली जाळी उचलून आत टॉर्च मारा. विकणारा कंटाळला तरी चालेल. नऊशे-साडेनऊशे चौरस फुटांचं असं घर मिळालं असतं तर मी याच्याकडे ढुंकून बघितलं नसतं.

जे घर आहे त्यात काय केलं तेही सांगते. मुलाची खोली हलवून त्याला पाहुण्यांच्या खोलीत आणलं, मुलगीही तेच बाथरूम वापरते, आणि वरचं दुसरं, बोळातलं बाथरूम आम्ही कायमचं बंद केलं. तेच प्लंबरदादा आले होते. नुसता नळ काढून डमी लावली तर पाइपचा तुकडा साचलेल्या पाण्यासकट तसाच लटकत राहतो, म्हणून त्यांनी तो 'टी'पासूनच, म्हणजे मुख्य पाइपला जिथे फाटा फुटतो त्या जोडापासूनच, कापला. कमोड काढून त्याच्या जागी आणि जाळीच्या तोंडावर हवाबंद टोपण बसवलं. लाइनचा वर गच्चीपर्यंत जाणारा हवेचा पाइप मात्र हात न लावता तसाच ठेवला, कारण तो बंद केला तर बाकीच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. बोळात आता गाद्या आणि बॅगा ठेवायला कपाट आहे. गच्चीतल्या जाळीत आणि वॉशिंग मशीनजवळच्या जाळीत मी पाण्यावर चमचाभर बेबी ऑइल सोडते. ते खनिज तेल असल्यामुळे खवट होत नाही आणि पाणी उडायचा वेग बराच कमी होतो. स्वयंपाकाचं तेल ओतू नका, त्याला महिन्याभरात स्वतःचाच वास येतो.